एक गोळा, एक तार

गेल्या भाऊबीजेला माझी धाकटी बहीण नागपूरहून आली ती करंज्यांच्या डब्याबरोबर एक भलेमोठे खोकेही घेऊन. खोके तिचे नव्हते, तिच्या मुलाचे होते. हा आमचा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने खोक्यातून जी वस्तू बाहेर काढली ती पाहून घरातली म्हातारी माणसे एकदम म्हणाली, "अरे, ही तर बॅगाटेलची पाटी!"

पाटी खरोखरच तशी होती. एका बाजूने उचललेली, वर गोलाई, उजव्या हाताला स्प्रिंगचा दट्ट्या आणि मध्ये गोळीची वाट अडवणारे खुंट. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी सुट्टीतल्या दुपारी अशा पाटीवर घालवल्या आहेत. फरक एवढाच, की या पाटीच्या तळाशी दोन चिमुकल्या फळ्या होत्या आणि बटण दाबताच त्या खाली येणाऱ्या गोळीला सणसणीत फटका मारून वर पाठवीत. शिवाय पाटीच्या पाठीमागून एक बारीक तार निघून भाच्याच्या संगणकात गेली होती.

"मामा, याला पिनबॉल म्हणतात. मी स्वतः बनवलंय," तो म्हणाला.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर. विजेचे माझे ज्ञान फ्यूज बांधण्यापुरतेच. पण शिकवण्याचा धंदा असल्यामुळे प्रश्न विचारायला लाज वाटत नाही. त्या संध्याकाळी फराळाची ताटे बाजूला सारून त्याने मला त्या तारेचे मर्म समजावून दिले. ते ऐकता ऐकता माझे मन त्या पाटीवरून उठून तीस-पस्तीस वर्षे मागे, आमच्या झाडीपट्टीतल्या एका लहानशा रेल्वे स्टेशनावर जाऊन बसले. तिथेही एक तार होती आणि एक लोखंडी गोळा होता. त्या दोन गोळ्यांची ही हकीकत आहे.

आधी खेळातल्या गोळीचे पाहू. बॅगाटेल मूळचे फ्रान्समधले, बिलियर्डच्या टेबलाचे धाकटे भावंड. त्याला स्प्रिंगचा दट्ट्या जोडून सुधारणा केल्याचे पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह या अमेरिकेत स्थायिक झालेल्या गृहस्थाने १८७१ साली घेतले. पुढे १९३१ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, गॉटलीब कंपनीचा 'बॅफल बॉल' निघाला आणि नाणे टाकून खेळायची ही पाटी दुकानादुकानांत गेली. १९३३ मध्ये हॅरी विल्यम्स यांच्या 'कॉन्टॅक्ट' या खेळात वीज शिरली. खळग्यात पडलेली गोळी विजेचा चुंबक स्वतःच बाहेर उडवू लागला. फटका मारणाऱ्या त्या फळ्या मात्र १९४७ साली 'हम्प्टी डम्प्टी' या खेळात प्रथम आल्या. तोवर एकदा गोळी सुटली की खेळणाऱ्याच्या हाती देवाचे नाव घेण्यापलीकडे फारसे काही नसे. म्हणूनच न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये या खेळाला जुगार ठरवून बंदी घातली होती आणि यंत्रे हातोड्यांनी फोडली होती. ती बंदी उठायला १९७६ साल उजाडले.

या जुन्या यंत्रांच्या पोटात तारांचे जंगल असे. प्रत्येक खुंटापासून एक तार, प्रत्येक चुंबकाला एक तार, प्रत्येक दिव्याला एक तार. १९७०च्या दशकात त्यांत छोटे संगणक बसले, आणि आज हौशी मंडळी घरी जी यंत्रे करतात त्यांत तर हुकूम देणारा संगणक निराळा आणि चुंबकांना वीज देणारी पट्टी निराळी. दोघांमध्ये एक बारीक तार, आणि त्या तारेवरून हुकूम अक्षराअक्षराने, एकामागून एक असे जातात.

"एकामागून एकच का?" मी विचारले. "दहा तारा घालून सगळे एकदम का नाही पाठवीत?"

"कारण एका तारेत भागतं, मामा. आणि ती पुरेशी वेगवान असते."

मग त्याने हिशेब सांगितला. एक अक्षर म्हणजे विजेचे आठ ठोके. त्यांच्या आधी 'येतो आहे' असे सांगणारा एक आणि शेवटी 'संपले' असे सांगणारा एक, मिळून दहा. तार सेकंदाला ९६०० ठोके नेत असेल तर ९६० अक्षरे गेली, आणि हा वेग आता जुना व सावकाश समजला जातो. 'चार नंबरच्या चुंबकाला सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरती वीज दे' एवढा हुकूम दहा-पंधरा अक्षरांत बसतो. पट्टी तो घेते, आणि 'मिळाला' असा जबाब त्याच वाटेने उलट पाठवते. हुकूम कसा सुरू व्हायचा, कसा संपायचा, जबाब कोणत्या शब्दांत द्यायचा, हे सारे आधी ठरलेले असते. दोन्ही बाजूंना तो ठराव पाठ असला म्हणजे झाले.

एवढ्यात बहिणीच्या धाकट्या लेकीचा पाय तारेत अडकला आणि तार सुटली. त्याबरोबर दोन्ही फळ्या मेल्यासारख्या पडल्या, गोळी घरंगळत खाली गेली. पोरगी रडवेली झाली. भाचा मात्र खूश झाला!

"बघितलंत? पट्टीत एक पहारेकरी घड्याळ आहे. संगणकाकडून ठरलेल्या वेळात 'मी आहे' असा निरोप आला नाही, की पट्टी सगळ्या चुंबकांची वीज तोडते. चुंबकाच्या वेटोळ्यात वीज तशीच राहिली तर ते तापून जळून जाईल. हुकूम देणारा गप्प झाला, तर पाळणाऱ्यानं थांबायचं."

या शेवटच्या वाक्याने मला माझ्या मामाची आठवण झाली.

आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण गोंदियाचे नशीब त्याच्या शंभर वर्षे आधीच रुळांनी लिहून ठेवले होते. १८८०च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावकडे मीटरमापी नागपूर-छत्तीसगड रेल्वे निघाली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग घेतला, रुंद केला आणि पुढे कलकत्त्याकडे नेला. मग १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून उत्तरेला बालाघाट, नैनपूरवरून सातपुडा ओलांडून जबलपूरला जाणारी अडीच फुटी अरुंद रेल्वे झाली. दक्षिणेला नागभीडकडे जाणारा तसाच फाटा १९०८ साली आणि तिथून चांदा किल्ल्यापर्यंतचा १९१३ पर्यंत पुरा झाला. तांदूळ, बांबू, लाकूड, तेंदूपान, सारे या चिमुकल्या डब्यांतून गोंदियाला येई आणि मोठ्या गाडीत चढे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरली, रात्रभर नाटक रंगले, की पहाटेच्या गाडीला अर्धा गाव झोपेत लोंबकळत असे.

पण या फाट्यांना रूळ एकच. गाड्या मात्र दोन्हीकडून यायच्या. वाचकांपैकी जे शहरात राहतात त्यांना यातली गोम चटकन ध्यानात यायची नाही. रस्त्यावर समोरून बैलगाडी आली तर एकजण शेतात उतरतो. आगगाडीला शेतात उतरता येत नाही. ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंत ती कित्येक फर्लांग जाते आणि रात्री वळणापलीकडचे दिसत नाही. म्हणून एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंतच्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, आणि याची खात्री दोन मास्तरांनी मैलोगणती अंतरावरून, एकमेकांचे तोंड न पाहता करून घेतली पाहिजे.

ही खात्री प्रथम तारायंत्राने होई. आपल्या देशात विल्यम ओशॉघ्नेसी या डॉक्टराने कलकत्त्याजवळ १८३९ साली तारेचे प्रयोग केले आणि १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर तार सुरू झाली. म्हणजे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तिच्याही आधी आपल्याकडे तार होती. पण तारेत एक दोष होता. ती निरोप पोहोचवी, निरोपाबद्दल जामीन राहत नसे.

त्याची किंमत इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळच्या थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ च्या पावसाळी रात्री मोजावी लागली. लंडनहून येणाऱ्या एक्स्प्रेसला उशीर झाला होता आणि पुढच्या स्टेशनावर समोरून येणारी मेल तिची वाट पाहत थांबली होती. मेलला पुढे येऊ द्या, अशी तार नॉर्विचहून गेली. नियमाप्रमाणे अशा तारेवर अधिकाऱ्याची सही हवी होती. ती नसतानाच ती गेली. इकडे एक्स्प्रेस येऊन पोहोचली आणि त्याच अधिकाऱ्याने तीही सोडून दिली. चूक ध्यानात येताच मेल अडवा म्हणून दुसरी तार केली, तर पलीकडून उत्तर आले, मेल सुटली. दोन स्टेशनांवर दोन माणसे ते उत्तर वाचून उभी राहिली. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होते, आणि करण्यासारखे काही उरले नव्हते. पंचवीस माणसे मेली.

या अपघातानंतर एडवर्ड टायर याने १८७८ मध्ये एक यंत्र काढले. दोन स्टेशनांवर दोन पेट्या, मध्ये तार. पेट्यांत धातूच्या चकत्या. दोन्ही मास्तरांनी मिळून ठरल्याखेरीज चकती निघायची नाही, आणि एक चकती बाहेर असेतो दोन्हीकडून दुसरी निघायची नाही. ड्रायव्हरच्या हाती चकती असली तरच त्याने पुढे जायचे. तारेचा निरोप आता हवेत विरणारा शब्द राहिला नाही. त्याला हातात घेता येईल असे वजन आले.

आपल्या देशात एकेरी मार्गांवर या कुळातले जे यंत्र पुष्कळ पसरले ते नील यांच्या नावाचे. त्यात चकतीऐवजी गोळा असतो. चांगला घट्ट मुठीत मावेल असा धातूचा गोळा, त्यावर त्या तुकड्याची अक्षरे आणि क्रमांक कोरलेला. शेजारच्या दोन तुकड्यांचे गोळे घडणीने वेगवेगळे असतात, म्हणजे एकाचा गोळा दुसऱ्याच्या पेटीत शिरत नाही. माझे मामा अशाच एका स्टेशनावर सांधेवाले होते. स्टेशनाचे नाव सांगत नाही, त्याचे कारण पुढे कळेल.

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे जात असे आणि मास्तरांच्या खोलीच्या दाराशी बसून त्या पेटीच्या घंटा ऐकत असे. मला त्या पाठ झाल्या होत्या. एक ठोका म्हणजे 'लक्ष द्या'. पलीकडून एक ठोका उलट आला म्हणजे 'दिले'. दोन ठोके, 'रस्ता मोकळा आहे का?' तीन, 'गाडी तुमच्याकडे निघाली'. चार, 'गाडी सुखरूप पोहोचली'. पाच, 'मागचा ठोका चुकला, रद्द समजा'. सहा, 'धोका!' आणि यंत्र ठीक चालते की नाही हे पाहायला सोळा. प्रत्येक हुकूम पलीकडच्याने जसाच्या तसा परत वाजवायचा. परत वाजला नाही तर तो दिलाच नाही असे धरायचे. दोन ठोक्यांना होकार मिळून पलीकडून वीज आली, की मगच इकडची मूठ फिरे आणि खटकन गोळा बाहेर पडे. तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला बांधायचा, आणि मामांनी फलाटाच्या टोकाला ते कडे उंच धरून उभे राहायचे. गाडी थांबणारी नसली तर इंजिनातला माणूस चालत्या गाडीतून हात घालून ते ओढून घेई आणि मागचे कडे खाली फेकी. तो फटका दंडावर बसला तर आठ दिवस वळ राही.

आणि तार तुटली तर? मूठ फिरत नसे. गोळा निघत नसे. यंत्र आपणहून रस्ता उघडत नसे, बंदच ठेवी. मग गाड्या खोळंबत, उतारू शिव्या देत, मास्तर कागदोपत्री परवाने लिहीत बसत. पण गोंधळ होई तो उशिराचा, अपघाताचा नव्हे. भाच्याच्या पट्टीतल्या पहारेकरी घड्याळाची अक्कल हीच. हुकूम देणारा गप्प, तर पाळणारा थांबलेला.

इतके झाल्यावर वाटते, की आता माणसाला करण्यासारखी चूकच उरली नाही. पण माणूस मोठा हिकमती प्राणी आहे. २६ जानेवारी १९२१ ला वेल्समधल्या अॅबरम्यूल स्टेशनावर एक सावकाश गाडी आली. तिने मागच्या तुकड्याची चकती स्टेशनात दिली. ती या हातातून त्या हातात गेली. प्रत्येकाला वाटले, ही पुढच्या तुकड्याची. अखेर जी चकती आणली तीच त्या ड्रायव्हरला परत मिळाली. त्यानेही पाहिले नाही. पुढच्या तुकड्यात समोरून एक्स्प्रेस येत होती. सतरा माणसे गेली. यंत्र दोन्हीकडचे बिनचूक चालले होते. चकतीवर अक्षरे कोरलेली होती. ती कोणी वाचली नव्हती, एवढेच.

आता माझी गोष्ट.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. लक्ष्मीपूजन होऊन दोन दिवस झाले होते. रात्री थंडी पडली होती आणि मी मामांचे कांबळे पांघरून फलाटावरच्या बाकावर पेंगत होतो. पूर्वेकडून मालगाडी येऊन उभी राहिली. पश्चिमेकडून पॅसेंजर यायची होती. बदलीवर आलेले मास्तर दोन रात्रींचे जागे होते. मालगाडीने आणलेले कडे टेबलावर पडले होते. त्यातला गोळा अजून पेटीत टाकलेला नव्हता. तेवढ्यात टेलिफोन वाजला. बोलता बोलताच मास्तरांनी नव्या पोर्टरला ते कडे दाखवले आणि हाताने 'देऊन टाक' अशी खूण केली.

पोर्टर धावत इंजिनाकडे गेला. मामा तिथे हातबत्ती घेऊन उभे होते. मामांना वाचायला बेताचेच येई. पण त्यांची एक सवय होती. कोणतेही कडे हातात आले की पिशवीत अंगठा घालून ते गोळ्यावरची अक्षरे चाचपून पाहत. आम्ही मुले त्यांची थट्टा करीत असू, की मामा गोळ्याची नाडी बघतात. त्या रात्री त्यांनी नाडी पाहिली, आणि बत्तीची लाल काच फिरवून ओरडले, "थांबा जी! हा गोळा तं तुमीच आनला आता. पुढचा नाही हा!"

ड्रायव्हरने शिट्टी दिलेली होती. ती अर्ध्यावर तुटली. मास्तर बाहेर आले. त्यांनी गोळा दिव्याशी धरून पाहिला आणि ते तसेच फलाटावर खाली बसले. मला वाटते दहा मिनिटे कोणी कोणाशी बोलले नाही. मग पश्चिमेकडे उजेड दिसला आणि पॅसेंजर आली. खिडक्यांतून मंडईला गेलेली माणसे, बायका, मांडीवर निजलेली पोरे दिसत होती. एकाने डोके बाहेर काढून मामांना विचारले, "का जी, इथं चहा भेटते का?"

तो प्रसंग कोणत्याही वर्तमानपत्रात आला नाही. थॉर्पचा इतिहास लिहिला गेला, अॅबरम्यूलचा चौकशी अहवाल छापला गेला. जे अपघात झाले नाहीत त्यांची दप्तरे नसतात. माझ्या मते रेल्वेचा खरा इतिहास त्या न लिहिलेल्या पानांवरच जास्त आहे. यंत्र हुकूम नेते, जबाब आणते, तार तुटली तर वाटही अडवते. पण आलेला हुकूम आपल्यासाठीच आहे ना, हे कोणीतरी अंगठ्याने चाचपून पाहावेच लागते.

आज ते सारे गेले. गोंदियाहून चांदा किल्ल्याकडे जाणारा मार्ग शतक संपता संपता रुंद झाला. गोंदिया-बालाघाट त्यानंतर झाला. उत्तरेकडे उरलेली सातपुड्यातली छोटी गाडीही २०१५ मध्ये बंद पडली. तारघरेही जुलै २०१३ पासून मुकी आहेत. गोळ्यांच्या जागी ठिकठिकाणी गाडीच्या आसांची मोजणी करणारी यंत्रे आली. जितके आस आत शिरले तितके बाहेर आल्यावरच रस्ता मोकळा. त्यांचे बोलणे मात्र आजही तारेवरून, एकामागून एक, ठरल्या संकेतानेच होते.

ही हकीकत संपेपर्यंत भाच्याने पाटीची तार पुन्हा जोडली होती. पोरगी डोळे पुसून खेळायला बसली होती. भाचा मात्र तसाच माझ्याकडे पाहत होता.

"मामा, मग तुमच्या मामांना बक्षीस काय मिळालं?"

बक्षीस कुठले! मास्तरांनी त्यांना एक कप चहा पाजला. कोणाकडे बोलू नकोस म्हणाले, आणि मामा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ते कडे घेऊन फलाटाच्या टोकाला उभे होते. मी जवळ गेलो तर त्यांनी मला हाताने मागे सारले. गाडी येत होती, आणि त्यांचा अंगठा पिशवीत होता.